वीस वर्षांची सेवा आणि अर्जातील एक शब्द

मराठवाड्याच्या आर्थिक जीवनात नोकरदाराच्या पगाराला जे स्थान आहे, ते मुंबई-पुण्याकडील वाचकाच्या सहजासहजी लक्षात येत नाही. पावसाची अनिश्चितता आणि कोरडवाहू शेती यांच्या या प्रदेशात घरातील एक जण तहसील कचेरीत, शाळेत, बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात असला, की त्या एका पगारावर दोन-तीन कुटुंबांचा वर्षाचा ताळमेळ बसतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) हे तर या नोकरदारांचेच शहर. विभागीय आयुक्तालय, जिल्हा परिषद, १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, १९८१ पासूनचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि त्यांच्या अवतीभोवती वाढलेली असंख्य कार्यालये यांनी या शहराचा मध्यमवर्ग घडविला. त्यामुळे येथील एखाद्या लिपिकाने किंवा शिक्षिकेने वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच नोकरी सोडावयाची ठरविली, तर तो निर्णय एकट्या व्यक्तीचा राहत नाही.

असा निर्णय घेणारी माणसे दरसाल निघतात. कोणाला असाध्य व्याधी जडते. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आई-वडील असतात. कोणाची दूरच्या तालुक्यात बदली होते आणि घरी शाळकरी मुलांकडे पाहणारे कोणी नसते. काहींना कामाचाच वीट आलेला असतो. कारणे काहीही असोत, प्रश्न शेवटी एका अर्जावर येऊन ठेपतो. तो अर्ज बहुधा घाईत, पुष्कळदा मनस्तापाच्या भरात लिहिला जातो. त्यात ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ असे लिहिले काय किंवा ‘मला स्वेच्छेने सेवानिवृत्त व्हावयाचे आहे’ असे लिहिले काय, लिहिणाऱ्याला दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच वाटतो. नियमाच्या दृष्टीने मात्र या दोन वाक्यांत वीस-बावीस वर्षांच्या सेवेचे अंतर आहे.

हक्क की कृपा?

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १५ ऑगस्ट १९८२ रोजी अमलात आले. त्याच वर्षी, १७ डिसेंबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या निकालात असे स्पष्ट केले की, निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बक्षीस नसून पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. हाच विचार न्यायालयाने १९७१ मध्येही मांडला होता. १९८२ च्या निकालाने त्याला समतेच्या तत्त्वाची जोड मिळाली. निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात, तो यामुळेच.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन होय. कर्मचारी दरमहा जे श्रम देतो, त्याच्या मोबदल्याचा काही भाग त्याच्या हाती लगेच पडत नाही, तो उत्तरायुष्यासाठी राखून ठेवलेला असतो. ही भूमिका मान्य केली, तर मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलावयास हवी. तो सवलत मागत नाही. वीस वर्षे जे साठत गेले, त्याचा हिशेब तो मागतो.

अर्हताकारी सेवा म्हणजे काय?

या हिशेबाचा पाया ‘अर्हताकारी सेवा’ हा आहे. १९८२ च्या नियमांतील नियम ६६ प्रमाणे अशी वीस वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर कर्मचाऱ्यास नेमणूक अधिकाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. नियत वयोमान पुरे करून निवृत्त होणाऱ्यास दहा वर्षांच्या अर्हताकारी सेवेवरही निवृत्तिवेतन मिळते. मुदतीपूर्वी जाऊ इच्छिणाऱ्यास मात्र वीस वर्षांची अट आहे.

नोकरीत घालविलेले प्रत्येक वर्ष अर्हताकारी ठरतेच असे नाही, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. वैद्यकीय कारणाखेरीज घेतलेली असाधारण रजा, परवानगीवाचूनची गैरहजेरी, निलंबनाचा जो काळ कर्तव्यकाळ म्हणून धरला गेला नाही तो काळ, दोन नेमणुकांमधील खंड, या सर्वांचा परिणाम सेवेच्या बेरजेवर होतो. एखाद्याला वाटते की आपली एकवीस वर्षे झाली आणि सेवापुस्तक उलगडून पाहिले की ती एकोणीस वर्षे आठ महिने भरतात. उरलेले चार महिने आणखी काम केले असते, तर जो हक्क सुखासुखी मिळाला असता, तो एका उतावळ्या नोटिशीमुळे वादात सापडतो. म्हणून नोटीस देण्यापूर्वी आपल्या सेवेची पडताळणी लेखी करून घेणे, हे या मार्गावरचे पहिले पाऊल होय.

सेवापुस्तक हा सरकारी नोकराच्या आयुष्याचा खरा इतिहासग्रंथ. परंतु तो ग्रंथ ज्याचा, त्यालाच त्याचे दर्शन क्वचित घडते. नोंदी करणारा लिपिक बदलतो, कार्यालय बदलते, एखाद्या वर्षीची पडताळणीची सही राहून जाते, आणि वीस वर्षांपूर्वीची ती राहिलेली सही नेमकी निवृत्तीच्या वेळी आठवते. त्या वेळी ज्या अधिकाऱ्याने सही करावयाची, तो स्वतःच निवृत्त झालेला असतो.

तीन महिन्यांत दोन वर्षांचे काम

नियत वयोमानानुसार होणाऱ्या निवृत्तीची तारीख सर्वांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे तिची कागदपत्रे दोन वर्षे अगोदर तयार करावयास घ्यावीत, अशी नियमांची अपेक्षा आहे. स्वेच्छानिवृत्तीत हेच काम तीन महिन्यांत उरकावे लागते. कार्यालयाने सेवापुस्तक पूर्ण करावयाचे, वेतननिश्चितीची तपासणी वेतन पडताळणी पथकाकडून करून घ्यावयाची, ना-देय प्रमाणपत्र मिळवावयाचे आणि मग प्रकरण नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे पाठवावयाचे. मराठवाड्यातील राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणे मुंबईस न जाता नागपूरला जातात. तेथून निवृत्तिवेतनाचे व उपदानाचे आदेश निघाले, की पैसे जिल्हा कोषागारामार्फत मिळू लागतात. या साखळीतील कोठल्याही कडीवर एक आक्षेप निघाला, की फाईल उलट्या दिशेने प्रवास करू लागते.

या काळात कर्मचाऱ्याचा पगार बंद झालेला असतो. अशा वेळी तात्पुरते निवृत्तिवेतन देण्याची तरतूद नियमांत आहे. विलंबाबद्दल व्याज देण्याचीही तरतूद आहे. परंतु ज्याला या तरतुदी ठाऊक नाहीत, तो त्या मागत नाही आणि जो मागत नाही, त्याला आपण होऊन कोणी देत नाही.

नोटीस दिल्यानंतर काय होते, याविषयीही बरेच गैरसमज आढळतात. नोटिशीला नेमणूक अधिकाऱ्याची मान्यता आवश्यक असते. परंतु मुदत संपण्यापूर्वी त्याने परवानगी नाकारली नाही, तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. अशाच स्वरूपाच्या हरियाणातील नियमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली. म्हणजे ‘साहेबांनी अजून उत्तर दिले नाही’ म्हणून कर्मचारी अधांतरी लटकत राहत नाही. उलट, मन बदलले तर नोटीस मागे घेण्याची विनंती नियोजित दिनांकापूर्वीच करावी लागते आणि तिलाही मंजुरी लागते. विभागीय चौकशी चालू असेल, तर परवानगी नाकारली जाण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवणे इष्ट.

राजीनाम्याची किंमत

आता त्या एका शब्दाकडे वळू. १९८२ च्या नियमांतील नियम ४६ सांगतो की, सेवेचा राजीनामा दिल्यास पूर्वीची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. दुसरी सरकारी नोकरी स्वीकारण्यासाठी योग्य परवानगीने दिलेला राजीनामा हा याला अपवाद. केंद्र सरकारच्या नियमांतही अशीच तरतूद आहे. नियमाचे शब्द कठोर आहेत आणि न्यायालयांनीही ते अखेरीस तसेच वाचले आहेत.

२०१५ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार भूमिका घेतली होती. त्याने वीसहून अधिक वर्षे सेवा करून ‘राजीनामा’ दिला होता. न्यायालयाने तो राजीनामा वस्तुतः स्वेच्छानिवृत्तीच होय, असे मानून त्याला निवृत्तिवेतन देवविले. परंतु २०१९ मध्ये महामंडळाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा मार्ग बंद केला. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन भिन्न कल्पना आहेत आणि त्यांचे परिणामही भिन्न आहेत, असे त्या पीठाने ठरविले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीच्या वीजपुरवठा यंत्रणेतील एका कर्मचाऱ्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. रोजंदारीवर लागून पुढे शिपाई म्हणून कायम झालेल्या या माणसाने १९९० मध्ये राजीनामा दिला होता. उच्च न्यायालयाने त्याची वीस वर्षांची सेवा ग्राह्य धरून त्याच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. राजीनामा दिल्यावर वीस वर्षे भरली होती की नाही, हा प्रश्नच उरत नाही, असा या निकालाचा आशय आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. निवृत्तिवेतन हा हक्क आहे असे सांगणाऱ्या १९८२ च्या पीठाचे अध्यक्ष त्यांचे वडील होते. या दोन निकालांत विसंगती आहे असे नव्हे. हक्क आहे, पण तो नियमाने आखलेल्या दारातूनच मिळतो, एवढाच दोहोंचा एकत्रित अर्थ.

कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेलही. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने विचार केला, तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. या दोन शब्दांतील भेद जाणणारा मनुष्य कार्यालयात नेहमी हजर असतो, तो म्हणजे आस्थापना शाखेचा लिपिक. बावीस वर्षे सेवा झालेल्या सहकाऱ्याचा राजीनामा त्याच्या टेबलावर येतो, तेव्हा त्याचा परिणाम काय होईल हे त्याला माहीत असते. तरीही त्या कागदावर आवक क्रमांक पडतो आणि तो पुढे सरकतो. ‘तुम्ही नियम ६६ खाली नोटीस द्या’ हे एक वाक्य लेखी कळविण्याचे बंधन त्या कार्यालयावर घातले, तर सरकारी तिजोरीवर अन्याय्य असा कोणताही बोजा पडणार नाही. जे त्या कर्मचाऱ्याचे आहे, तेच त्याला मिळेल.

परवडते का?

हक्क मिळाला, तरी तो वापरणे शहाणपणाचे आहे का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. समजा, सिल्लोड तहसील कचेरीतील एखाद्या लिपिकाची बावीस वर्षे सेवा झाली आहे, वय सेहेचाळीस आहे आणि मूळ वेतन दरमहा ६०,००० रुपये आहे. वीस वर्षांच्या सेवेनंतर आता निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या निम्मे मिळते. पूर्वीप्रमाणे पूर्ण निवृत्तिवेतनासाठी तेहेतीस वर्षे भरावी लागत नाहीत. म्हणजे त्याला ३०,००० रुपये आणि त्यावर महागाई वाढ मिळेल. तो अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहिला, तर दरसाल तीन टक्के वेतनवाढीने बारा वर्षांत त्याचे मूळ वेतन सुमारे ८५,५०० रुपये होईल आणि निवृत्तिवेतन सुमारे ४२,७०० रुपये. दरम्यान नवा वेतन आयोग आला, तर हे आकडे बदलतील, पण त्यांचे परस्परप्रमाण फारसे बदलणार नाही.

उपदानाचा हिशेब असा. दर पूर्ण सहामाहीस वेतन व महागाई भत्ता यांच्या एकचतुर्थांश आणि कमाल साडेसोळापट, असे त्याचे सूत्र आहे. बावीस वर्षांस ते अकरापट होते. तेहेतीस वर्षांस साडेसोळापटीची मर्यादा गाठली जाते. निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेता येतात, परंतु मग पंधरा वर्षे तेवढी रक्कम दरमहा कमी मिळते. ३०,००० तून १२,००० वजा झाले, की हाती १८,००० व महागाई वाढ उरते. मुलाचे शिक्षण किंवा घराचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने हा आकडा आधी कागदावर मांडावा आणि मग नोटीस लिहावी.

एक गोष्ट मात्र या गणितातून निघते आणि ती सहसा बोलली जात नाही. वीस वर्षांनंतर कर्मचारी ज्या मूळ वेतनासाठी काम करतो, त्यातील निम्मे त्याला घरी बसूनही मिळणार असते. म्हणजे त्याच्या पुढील श्रमाचा खरा मोबदला जवळजवळ निम्म्यावर येतो. तरीही बहुसंख्य कर्मचारी अठ्ठावन्नपर्यंत राहतात, ते पगारापेक्षा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे आणि कामाच्या सवयीमुळे. शासनाच्या बाजूने पाहिले, तर एका जागेवर निवृत्तिवेतन आणि नव्या माणसाचा पगार असे दोन खर्च बारा वर्षे आधीच सुरू होतात. ‘जुन्यांनी जागा रिकाम्या केल्या, तर तरुणांना नोकऱ्या मिळतील’ हा युक्तिवाद म्हणूनच अर्धाच खरा आहे. रिकामी झालेली जागा भरली जाईलच याची हमी नसते. शहरातील अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सांगावयास नको.

स्वेच्छा कोणाची?

स्वेच्छानिवृत्ती या शब्दाखाली आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. २००० साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी आपला कर्मचारीवर्ग घटविण्यासाठी योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत संचार निगमने पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांपुढे अशीच योजना ठेवली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी ७८,५६९ कर्मचारी निवृत्त झाले. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षास पस्तीस दिवसांचे व उरलेल्या प्रत्येक वर्षास पंचवीस दिवसांचे वेतन, असे तिचे सानुग्रह अनुदानाचे सूत्र होते. येथे पुढाकार मालकाचा असतो. कर्मचाऱ्याच्या हाती उरते ते फक्त होय किंवा नाही म्हणणे. पगार वेळेवर होईल की नाही याचीच जेथे शंका असते, तेथे ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे त्या काळात दूरसंचार खात्यातील घराघरांनी अनुभवले आहे. शासनालाही पन्नास किंवा पंचावन्न वर्षे वयाला कर्मचाऱ्याचे पुनर्विलोकन करून त्याला मुदतपूर्व निवृत्त करण्याचा अधिकार आहे. नियम ६६ यांहून वेगळा आहे. त्यात इच्छा खरोखरच कर्मचाऱ्याची असते, आणि म्हणूनच तो जपण्याजोगा आहे.

१ नोव्हेंबर २००५ नंतर

तो जपला जाईल का, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना १९८२ चे नियम लागू नाहीत. ते अंशदानाच्या योजनेत गेले. ज्या पदांची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांवरील कर्मचाऱ्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेचा विकल्प देण्यात आला, पण तो अपवाद होय. नोव्हेंबर २०२५ मध्ये या नव्या पिढीच्या पहिल्या तुकडीची वीस वर्षे भरली. शाळांच्या खोल्यांत आणि कार्यालयांच्या मेजांवर आता बहुतांश हीच पिढी बसलेली आहे.

या पिढीने १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यव्यापी संप केला. त्यानंतर समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. निम्म्या वेतनाची हमी परत आली, हे खरे. पण केंद्राने २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेले नियम वाचले, तर मुदतीपूर्वी जाणाऱ्याचे स्थान किती बदलले आहे ते कळते. पूर्ण हमीसाठी वीसऐवजी पंचवीस वर्षे लागतात. वीस वर्षांनंतर जाणाऱ्यास त्या प्रमाणात कमी मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही रक्कम नोकरी सोडल्याच्या दिवसापासून सुरू होत नाही; नियत वयोमानाने तो ज्या दिवशी निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून ती सुरू होते. सेहेचाळीसाव्या वर्षी आजारी आईसाठी घरी बसणाऱ्या मुलीला मधली सारी वर्षे या हमीचा काहीच उपयोग नाही. हक्क कागदावर राहिला, त्याचा आधार गेला.

राज्याच्या तिजोरीची चिंता खोटी नाही. पगार आणि निवृत्तिवेतन यांवरील खर्च वाढत असताना प्रत्येक मागणी मान्य करता येणार नाही. परंतु मुदतपूर्व निवृत्तीचा हक्क वापरणारे थोडे असतात आणि त्यांतही आजारपण किंवा घरातील शुश्रूषा यांपायी जाणारे पुष्कळ. निदान अशांसाठी निवृत्तिवेतन तत्काळ सुरू करण्याची तरतूद राज्याने आपल्या योजनेत करावी, ही मागणी अवाजवी नव्हे.

तोवर ज्या गोष्टी पैशाशिवाय होऊ शकतात, त्या तरी व्हाव्यात. सेवापुस्तक दर पाच वर्षांनी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी. अर्हताकारी सेवेची वीस वर्षे भरताच तसा लेखी दाखला त्याच्या हाती द्यावा. आणि ज्याची वीस वर्षे भरली आहेत, त्याचा राजीनामा परिणामांची लेखी कल्पना देऊन, त्याचे उत्तर आल्यावाचून, कोणत्याही कार्यालयाने स्वीकारू नये. कर्मचारी संघटनांनीही वेतनवाढीच्या मागण्यांच्या यादीत या तीन गोष्टींना जागा द्यावी. आणि ज्याच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार आज घोळत असेल, त्याने रागाच्या भरात लिहिलेला कागद साहेबांच्या टेबलावर ठेवण्यापूर्वी आस्थापना शाखेत जाऊन आपले सेवापुस्तक एकदा मागून पाहावे.